हद्दीपलीकडचं घर

पोलिसांच्या जीपमध्ये मला पुढे बसवलं होतं. मागे बसवलं असतं तर गावातून जाताना मी आरोपीसारखा दिसलो असतो, तेवढी काळजी हवालदारांनी घेतली. ते माझ्याच वयाचे, शेजारच्या गावचे. त्यांच्या मुलीच्या लग्नाचं सामान मीच माझ्या टेम्पोतून पोचवलं होतं. कासू गेलं, आमटेम गेलं. नागोठणं दिसायच्या आधी त्यांनी ड्रायव्हरला गाडी हळू करायला सांगितली.

"दादा, इथं आपला तालुका संपला. आता वर्षभर ह्याच्या अलीकडं यायचं नाय."

"आणि आईला काय झालं तर?"

"अर्ज करायचा. परवानगी मिळते."

"कधी मिळते?"

"ते मी कसं सांगू?" असं म्हणून ते खिडकीबाहेर बघू लागले.

मग रोह्याच्या ठाण्यात माझी नोंद झाली. कुठे राहणार, कोणाकडे, फोन नंबर काय. नोंद झाल्यावर हवालदार मला बहिणीच्या बिल्डिंगपर्यंत सोडणार होते. मी म्हटलं, कोपऱ्यावरच सोडा. त्यांनी कोपऱ्यावर सोडलं, माझी पिशवी हातात दिली आणि जीप वळवून गेले. जीप ज्या वाटेने गेली त्या वाटेने मला जाता येणार नव्हतं, हे तेव्हा पहिल्यांदा अंगावर आलं.

तडीपार हा शब्द आमच्याकडे लहानपणापासून ऐकलेला. मटकेवाले, दारूवाले, सुरे काढणारे, त्यांना तडीपार करतात. तो शब्द आपल्या नावापुढे लागेल असं मला वाटायचं काहीच कारण नव्हतं. माझी खाडीलगतच्या खारीपाटात थोडी भातशेती आणि एक टेम्पो. गणपतीच्या आधी हमरापूरच्या कारखान्यांतून मूर्ती न्यायच्या, बाकी वर्षभर विटा, भात, लग्नाचं सामान, मिळेल ते.

आमचं गाव गडबच्या आत, खाडीकडे. खाडी आणि शेत यांच्यात मातीचा एक बांध आहे. तो आहे तोवर शेत आहे. उधाणाच्या भरतीला तो फुटला की खारं पाणी आत शिरतं आणि मग पावसाने जमीन धुऊन निघेपर्यंत, कधी दोन वर्षं, कधी तीन, तिथं भात होत नाही. बांध सरकारी. दुरुस्तीही सरकारनेच करायची. एकदा फुटला तेव्हा आम्ही गावकऱ्यांनी पाट्या-फावडी घेऊन स्वतःच माती टाकायला सुरुवात केली, तर खारभूमी खात्याच्या कचेरीतला माणूस मोटारसायकलवरून आला. म्हणाला, "हे काम तुम्हाला करता येणार नाही. परवानगी लागते. खाडीच्या कडेला माती टाकणं गुन्हा आहे."

"मग तुम्ही टाका," आमच्यातली एक म्हातारी म्हणाली.

"टेंडर निघेल तेव्हा टाकू."

टेंडर निघेपर्यंत तीन भरत्या आत येऊन गेल्या. मग आम्ही हायवेवर बसलो. मी पुढे होतो, कारण बोलायला कोणीतरी लागतं आणि मला बोलता येतं. गुन्हा दाखल झाला. पुढच्या पावसाळ्यात बांध पुन्हा फुटला, पुन्हा बसलो, पुन्हा गुन्हा. तिसरा गुन्हा वेगळा होता. ठेकेदाराचा डंपर बांधाच्या पायथ्याचीच माती खणून बांधावर टाकत होता. मी गाडीपुढे उभा राहिलो. त्याचा मुकादम अंगावर आला, मी त्याची कॉलर धरली. कॉलर धरली, हे खरं. मारलं नाही. कागदावर मारहाण झाली.

तीन गुन्हे झाले की माणसाकडे वेगळ्या नजरेने बघतात, असं माझे वकील नंतर म्हणाले. नोटीस आली तेव्हा मी ती ओटीवर बसून दोनदा वाचली. माझ्या वावरण्यामुळे लोकांच्या जिवाला आणि मालमत्तेला धोका आहे, लोक दहशतीखाली आहेत, तक्रार करायला पुढे येत नाहीत, अशा अर्थाचं लिहिलं होतं. खाली दोन साक्षीदार होते. त्यांना नावं नव्हती. एक अ आणि एक ब. अ म्हणत होता की मी बाजारात त्याला कोयता दाखवून धमकावलं आणि ते बघून लोक पळाले, दुकानं बंद झाली. कुठला बाजार, कुठला दिवस, काही नाही. ब म्हणत होता की मी त्याच्याकडून जबरदस्तीने पैसे घेतले.

चौकशीला प्रांत कचेरीत गेलो तेव्हा साहेबांना विचारलं, "साहेब, हा अ कोण?"

"नाव सांगता येत नाही. तुमच्या भीतीमुळेच त्याने गुप्त ठेवायला सांगितलंय."

"पण कोण ते कळल्याशिवाय मी खोटं कसं ठरवू? त्या दिवशी मी कुठे होतो ते सांगायलासुद्धा दिवस पाहिजे ना?"

साहेब वाईट माणूस नव्हते. चहा मागवला. "तुमचं जे म्हणणं असेल ते लेखी द्या," म्हणाले.

लेखी दिलं. पेण, अलिबाग आणि पनवेल या तीन तालुक्यांतून एक वर्ष बाहेर, असा हुकूम आला. माझी धाकटी बहीण रोह्याला दिलेली, म्हणून मी रोहा निवडलं. निवडलं म्हणायचं. घराच्या सगळ्यात जवळची बाहेरची जागा तीच होती.

बहिणीच्या दोन खोल्या. भावोजी कंपनीत शिफ्टला जायचे. रात्रपाळी करून आले की दिवसा झोपायचे, तेव्हा मी बाहेर पडायचो, म्हणजे घरात आवाज नको. कुंडलिकेच्या पुलावर जाऊन उभा राहायचो, बाजारातून फिरायचो, एसटी स्टँडवर बसायचो. भावोजी एका शब्दाने काही बोलले नाहीत. पण शेजारची बाई बहिणीला विचारायची, "तुझे दादा अजून हायत का?" आणि बहीण म्हणायची, "व्हय, इथंच काम बघतायत."

काम बघत होतोच. गाडी चालवता येणाऱ्या माणसाला रोह्यात काम कमी नाही. एका ट्रान्सपोर्टवाल्याने लगेच हो म्हटलं. म्हणाला, "उद्यापासून ये. पनवेलचा माल हाय."

"पनवेल नको. दुसरीकडचं द्या."

"बरं, मग वडखळचा घे."

"तेपण नको."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. रोह्यातून माल निघतो तो बहुतेक मुंबईच्याच दिशेने, आणि मुंबईची वाट पेणवरून जाते. मी खरं ते सांगितलं. तो म्हणाला, "कोलाड, माणगाव, महाड, तिकडचं काय आलं तर सांगतो." आठवड्यातून एखाद-दुसरी खेप मिळायची. कोलाडच्या पुढे गेलो की मोकळं वाटायचं, कारण तिथून गोव्यापर्यंत मला कोणी अडवू शकत नव्हतं. अख्खा देश मोकळा होता. फक्त माझं घर सोडून.

माझा स्वतःचा टेम्पो दारात उभा राहिला. गणपतीच्या हंगामात बायकोने तो शेजाऱ्याला चालवायला दिला. हमरापूरच्या एका कारखानदाराचा मला फोन आला, "शेठ, यंदा तुम्ही नाय का?" मी म्हटलं, तब्येत बरी नाही. चतुर्थीला मुलीने घरात गणपती बसवला आणि मोबाइल समोर धरला. बहिणीच्या घरी त्या दिवशी मी एकटा होतो, ते लोक त्यांच्या मूळ गावी गेले होते. मी भिंतीला टेकून मोबाइलवर माझ्याच घरातली आरती बघितली. माझ्या जागी चुलतभाऊ उभा होता. मध्ये नेट गेलं आणि सगळे जण हात जोडलेले तसेच थिजून राहिले.

घरच्यांना भेटायचं तर त्यांनीच इकडे यायचं. पण आईचे गुडघे गेलेले, घरी म्हैस, रोजची एसटी कुठली परवडणार. म्हणून आम्ही नागोठण्याच्या तोंडाशी एक चहाची टपरी ठरवली. ती रोहा तालुक्यात. बायको सहा आसनी रिक्षाने यायची, मी रोह्याहून एसटीने. ती डब्यातून भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी आणायची. आम्ही बाकड्यावर बसून बोलायचो. नवरा-बायको असे चहाच्या टपरीवर बसतात ते लग्न ठरायच्या आधी. आमच्या मुलीला वीस वर्षं झालेली. टपरीवाल्याला आमचं काय चाललंय ते कळेना. एकदा त्याने बायकोला विचारलंसुद्धा, "ताई, घरी भांडण हाय का?"

"नाय भाऊ, घरी काय भांडण नाय," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

"रडू नको गो," मी म्हटलं.

"रडत नाय. तुमच्या गावाला काय पडलंय? तुम्ही बोललात, तुम्ही पुढं बसलात. बाकीचे समदे घरी निजलेत."

ते बाकीचे समदे माझ्या डोक्यातून जात नव्हते. अ कोण आणि ब कोण? फोन वाजला की मी आवाज ऐकता ऐकता विचार करायचो, हा असेल का? माझा एक जुना सोबती, हायवेवर माझ्याशेजारीच बसलेला, दर रविवारी चौकशी करायचा. एका रविवारी त्याने विचारलं, "परत कधी येणार? तारीख काय?" मी तारीख सांगितली नाही. तो का विचारतोय, असं मनात आलं. पुढच्या रविवारी त्याचा फोन आला नाही, आणि मला बरंही वाटलं आणि वाईटही. बायकोशी बोलताना मी एकेकाचं नाव घ्यायचो. तो ना, त्याच्या बांधावरून आपलं भांडण झालं होतं. तो, त्याला मी एकदा बोललो होतो. ती म्हणायची, "अवं, असं करत बसलात तर गावात एकपण माणूस शिल्लक नाय राहायचा." ती बरोबर होती. पण थांबवता येत नव्हतं. कोयता दाखवल्याचं खोटं कोणी रचलं, की कोणी काही बोललंच नव्हतं आणि अ नावाचा माणूसच नव्हता, हेही मला कळायला मार्ग नव्हता.

एका दुपारी मी रोह्याच्या स्टेशनवर गेलो. पेणवरून दिव्याला जाणारी गाडी उभी होती. तिकीट काढलं आणि बसलो. उतरायचं नाही, फक्त खिडकीतून बघायचं, असं ठरवलं होतं. कासूच्या पुढे आमच्या बाजूची शेतं लांबून दिसतात. गाडी सुटली. समोर एक बाई टोपलीत भाजी घेऊन बसली होती. ती म्हणाली, "पेणला उतरणार का भाऊ? माझी पाटी खाली घ्यायला हात लावा." मी हो म्हटलं. नागोठणं आलं. गाडी थांबली. हद्द मोडली तर सरळ अटक, हे मला माहीत होतं, पण डब्यात पोलीस नव्हता, तिकीट तपासणारा नव्हता, मला ओळखणारं कोणी नव्हतं. तरी माझे पाय उठले. मी उतरलो. बाई खिडकीतून ओरडली, "अवं, पेण नाय हे!" गाडी गेली. मी फलाटावरच्या बाकड्यावर बसलो आणि पहिल्यांदा, एकटाच, रडलो. मला कोणी धरलं नव्हतं. मीच मला उतरवलं होतं.

हिवाळ्यात मुलीला स्थळ आलं. खांबचे लोक, भातशेतीवाले, मुलगा कंपनीत. घर बघायला येतो म्हणाले. बायकोने बहाणा केला, म्हणाली घराचं काम काढलंय, आपण रोह्याला नणंदेकडे भेटू. ते आले. बहिणीने पोहे केले. मुलगी साडी नेसून आली, तिला साडीची सवय नाही, पंजाबी ड्रेसवर पेणच्या कॉलेजला जाणारी मुलगी. बोलणं चांगलं चाललं होतं. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "तुम्ही इकडंच असता का मग?"

बायकोने माझ्याकडे बघितलं. बहीण स्वयंपाकघरात थांबली. मी दोन उत्तरं तयार ठेवली होती, दोन्ही खोटी. पण मुलगी समोर बसली होती आणि तिच्यासमोर मला खोटं बोलवेना.

"मला पेणमधून तडीपार केलंय," मी म्हटलं. मग सगळं सांगितलं. बांध, हायवे, डंपर, कॉलर.

ते शांतपणे ऐकून घेत राहिले. पोहे संपवले. उठताना माझा हात हातात घेऊन म्हणाले, "तुमचं काय चुकलं असं मला वाटत नाय." दोन दिवसांनी बायकोला फोन आला, मुलाच्या आईचा. घरातली मोठी माणसं नको म्हणतायत.

मी मुलीला फोन केला. म्हटलं, "माझ्यामुळे झालं."

"बाबा, साडी मला नीट नेसताच आली नव्हती," ती म्हणाली. मग म्हणाली, "मला तो आवडला होता, पण ठीक आहे."

हुकमाविरुद्ध अपील केलं होतं. ते बेलापूरला, कोकण आयुक्तांच्या कचेरीत. वकील म्हणाले, मी जातो, तुम्ही नसलात तरी चालतं. पण मला जायचंच होतं. मला एकदा तरी माणसासमोर उभं राहून सांगायचं होतं. अडचण अशी की रोह्याहून बेलापूर म्हणजे नागोठणं, पेण, पनवेल. दोन-अडीच तासांचा रस्ता, आणि तोच मला बंद. जाण्यापुरती परवानगी मागितली. ती सुनावणीच्या तारखेपर्यंत आली नाही.

मग मी वळसा घातला. आदल्या दिवशी सकाळी निघालो. कोलाडवरून ताम्हिणी घाटाने पुणे. पुण्याहून रेल्वेने कर्जतमार्गे कल्याण, तिथे एका नातेवाइकाकडे मुक्काम, सकाळी ठाण्यावरून बेलापूर. कर्जतला गाडी थांबली तेव्हा मी मनातल्या मनात तालुके मोजले. कर्जत चालतं. खालापूर चालतं. इतका मोठा झाल्यावर मला माझा जिल्हा असा शिकायला लागला.

दालनाबाहेर वकील भेटले. मी कुठून आलो ते ऐकून ते हसायला लागले, मग हसायचे थांबले. आत गेल्यावर त्यांनी पहिल्यांदा तेच सांगितलं. "साहेब, माझा अशील हुकूम किती पाळतो ते बघा. तुमच्यापुढे यायला तो पुण्यावरून आलाय." टेबलामागच्या अधिकाऱ्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

"तुम्हाला काही सांगायचंय?"

सांगायचं खूप होतं. वर्षभर पुलावर उभा राहून पाठ केलेलं होतं. पण तोंडातून एवढंच निघालं, "साहेब, मी कोणाला कोयता दाखवला ते मला सांगा. त्याची माफी मागतो. पण नाव सांगा."

त्यांनी काही लिहून घेतलं. अ आणि ब यांचे जबाब खरे आहेत की नाहीत याची खात्री कोणी केली होती का, असं त्यांनी सरकारच्या बाजूला विचारलं. उत्तर नीट आलं नाही. निकाल नंतर आला. हुकूम रद्द. त्या साक्षींची पडताळणी झालेली नाही आणि आंदोलनाचे गुन्हे म्हणजे दहशत नव्हे, असं त्यात होतं. वकिलांनी फोनवर वाचून दाखवलं आणि अभिनंदन केलं. तेव्हा माझ्या वर्षातले थोडेच दिवस उरले होते.

बहिणीने रोह्याच्या बाजारातून पेढे आणले. मी एसटीने निघालो. नागोठण्यापुढच्या, तालुक्याच्या हद्दीच्या पाटीजवळून गाडी गेली तेव्हा कोणीतरी हाताला धरून उतरवेल असं वाटलं. कोणी उतरवलं नाही. घरी आई ओटीवर बसली होती. तिने माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला आणि म्हणाली, "जेवला नाय का तिकडं?"

गावात लोक भेटायला आले. तो रविवारी फोन करणारा सोबतीही आला. मी त्याला चहा दिला. बोलणं झालं, पण आमच्यात काहीतरी राहिलं, ते अजून आहे. दोघांपैकी कोणी ते काढत नाही.

निवडणूक लागली तेव्हा हवालदारांचा फोन आला. "दादा, ठाण्यात येऊन जा. बॉण्ड भरायचाय, चांगल्या वर्तणुकीचा."

"काय केलं म्हणून?"

"काय केलं म्हणून नाय. करू नये म्हणून."

मी गेलो. बाकड्यावर माझ्यासारखे अजून पाच-सहा जण होते, त्यांतल्या दोघांना मी ओळखत नव्हतो. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. माझी पाळी आली तेव्हा मी साहेबांना म्हटलं, सही करतो, पण माझा हुकूम रद्द झालाय तो निकाल आधी वाचा. ते म्हणाले, तो विषय वेगळा. मी म्हटलं, वेगळा असला तरी वाचा, मी थांबतो. त्यांनी निकाल घेतला, चाळला, दुसऱ्या टेबलावर पाठवला. मला बसायला सांगितलं. दुपारपर्यंत बसलो. शेवटी एक जण येऊन म्हणाला, "तुम्ही आज जा. बोलावलं तर या."

बायको ठाण्याच्या बाहेर रस्त्यापलीकडे उभी होती. मी तिला येऊ नको म्हटलं होतं. तिने विचारलं, "केली का सही?"

"नाय केली."

"मग सोडलं कसं?"

"बोलावतील म्हणाले."

उन्हातून आम्ही स्टँडकडे चालू लागलो. गडबची रिक्षा भरायला वेळ होता, म्हणून तिने एका टोपलीवालीकडून वालाच्या शेंगा घेतल्या आणि रिक्षात बसून आम्ही दोघं त्या सोलत राहिलो.